पूर्वाभिमुख

जेवायला बसताना तोंड कोणत्या दिशेला असावे, याविषयी आपल्या वाडवडिलांनी नियम घालून दिले आहेत. आमच्या घरी ते आईच्या तोंडी असत : पूर्व उत्तम, दक्षिण वर्ज्य. कचेरीच्या उपाहारगृहात जिथे खुर्ची मिळेल तिथे बसून डबा उघडणाऱ्या आम्हां बदलीच्या माणसांना दिशांचे भान राहत नाही, ही गोष्ट निराळी.

कोकणच्या किनाऱ्यावर मात्र या नियमाची मोठी पंचाईत होते. तिथे समुद्र पश्चिमेला. संध्याकाळी दडप्या पोह्यांचे पातेले मध्ये ठेवून वाळूवर बसावे, तर शास्त्र पाळण्यासाठी समुद्राकडे पाठ करावी लागते आणि समुद्र पाहायचा तर शास्त्राकडे. आम्ही मुले अर्थातच समुद्राच्या पक्षाची. सूर्यबिंब पाण्याला टेकले की हातातला घास हातातच राही. ते बुडाले की आई पदराला लागलेली वाळू झटकीत उठे आणि दिवेलागणीची घाई करी. समुद्रावरची संध्याकाळ म्हणजे निरोप, हे समीकरण तेव्हापासून माझ्या मनात पक्के बसले. पुढे प्रत्येक बदलीच्या वेळी सामान बांधताना मला तेच बुडते बिंब आठवत आले आहे.

वडील गेले, कोकणातल्या घराला कुलूप लागले आणि आई आमच्याकडे भुवनेश्वरला राहायला आली. ‘राहायला’ हा शब्द माझा. ती स्वतः ‘चार दिवस आले आहे’ असेच सर्वांना सांगे. तिच्या ट्रंकेतले निम्मे सामान महिनोन् महिने बाहेर निघाले नव्हते. त्या आश्विनात पूजेची सुट्टी लागून आली आणि आम्ही तिला घेऊन पुरीला गेलो. भुवनेश्वराहून पुरी साठेक किलोमीटर. समुद्र पाहून तिला बरे वाटेल, असा आमचा साधा हिशेब होता.

कोजागिरीचा दिवस होता. दुपारीच जगन्नाथाच्या देवळातल्या आनंदबाजारातून महाप्रसाद आणला. भात, डाळ, मोहरीच्या वाटणाची ‘बेसर’ आणि आंबटगोड ‘खट्टा’, सारे मातीच्या गाडग्यांतून. तिथल्या पाकशाळेत ही गाडगी एकावर एक रचून लाकडाच्या जाळावर अन्न शिजवतात. कांदा-लसणाला तिथे थारा नाही आणि परदेशांतून आलेल्या बटाट्या-टोमॅटोलाही नाही. गाडगे एकदा वापरले की त्याचे काम संपले. या अन्नाला सोवळेओवळे नाही, उष्टेखरकटे नाही. कोणीही कोणाच्या पंक्तीला बसावे. विश्रामगृहाचा वृद्ध स्वयंपाकी आपल्या नातीला घेऊन आमच्याबरोबर आला, तेव्हा आई काही क्षण घुटमळली. मग तिने आपल्या शेजारची वाळू हाताने सारखी केली आणि त्या मुलीला तिथे बसवले.

घड्याळात जेमतेम सव्वापाच वाजले होते आणि सूर्य निघण्याच्या तयारीत होता. पुरी आणि रत्नागिरी यांच्या सूर्यास्तांत सुमारे पन्नास मिनिटांचे अंतर. सबंध देशाचे घड्याळ एक असले, तरी सूर्य काही सरकारी वेळेने कचेरी बंद करीत नाही. इकडे तो समुद्रात बुडतही नव्हता. आमच्या पाठीमागे, गावातल्या इमारतींआड चालला होता. मुले पाण्याकडे तोंड करून बसली. आई मात्र समुद्राकडे पाठ करून त्या इमारतींकडे पाहत बसली होती. तिच्या लेखी संध्याकाळ तिकडे होती. मधे एकदा ती म्हणाली, “आपल्याकडे अजून ऊन असेल.” त्यावर कोणाला काही बोलता आले नाही.

केळीची पाने मांडली. वारा त्यांना ठरू देईना, म्हणून मुलांनी कडांवर शिंपले ठेवले. आईने तिथेही मिठाची डावी बाजू चुकू दिली नाही. भात वाढून झाला आणि सवयीने ती म्हणाली, “अरे, पूर्वेकडे तोंड करा सगळ्यांनी.” मुले हसली, ती तशीच बसलेली होती. मग आईच उठली आणि वळून बसली. त्याच सुमारास डाव्या हाताला, पाण्याच्या कडेवर, तांबूस असे काहीतरी उगवू लागले. प्रथम ती एखाद्या जहाजाची आग वाटावी. मग कोर झाली, मग अर्धे ताट झाले, आणि पाहता पाहता कोजागिरीचा अख्खा चंद्र ओलाचिंब असल्यासारखा पाण्यातून वर आला.

कोकणात या चंद्राची वाट पाहावी लागते. तो डोंगरामागून निघतो, माडांच्या शेंड्यांत अडकतो आणि समुद्राला उजेड मिळायला बराच वेळ लागतो. इथे तो थेट पानासमोर आला. स्वयंपाक्याच्या नातीने ओंजळ जोडली. त्या रात्री ओडिशात कुमारपौर्णिमा असते. कुमारिका उगवत्या चंद्राची पूजा करतात. लाह्या, केळे, खोबरे आणि गूळ कालवून केलेला चंद्राच्या आकाराचा नैवेद्य तिने डब्यात आणला होता. तो तिने आधी आईच्या पानावर वाढला. पलीकडच्या बंगाली कुटुंबाकडून त्यांच्या लक्ष्मीपूजेचे नारळाचे लाडू आले. आम्ही त्यांना केशर-चारोळी घातलेले आटीव दूध दिले. आईला माझी आश्विनी करायची होती. निरांजन वाऱ्यावर टिकेना, तेव्हा तिने ते एका रिकाम्या गाडग्यात ठेवले आणि पिकल्या केसांच्या या थोरल्या मुलाला भर किनाऱ्यावर ओवाळले.

दाताखाली वाळू येत होतीच. स्वयंपाकी सांगत होता, ३ मे २०१९ रोजी ‘फनी’ वादळ याच समुद्रावरून आले आणि किनाऱ्यावरची सुरूची झाडे आडवी करून गेले. चंद्र जिथून येतो तिथूनच वादळही येते, हे तो तक्रारीच्या सुरात बोलत नव्हता. घरच्या तापट माणसाविषयी बोलावे तसे बोलत होता.

या किनाऱ्यावर आपली माणसे पूर्वीही बदलून आली आहेत. १७५१ पासून १८०३ पर्यंत हा प्रांत नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. शिवभट साठ्यांसारखे सुभेदार कटकात बसून कारभार पाहत. जगन्नाथाच्या सिंहद्वारापुढचा अरुणस्तंभ कोणार्कच्या सूर्यमंदिरातून मराठी अमदानीतच इथे आणला गेला, असे सांगतात. म्हणजे सूर्याच्या सारथ्याचीही बदली झाली! तो आता सूर्यापुढे नाही, जगन्नाथापुढे आहे, आणि तिथेच उभा आहे.

नव्या गावी आपण सर्वजण आपापला जुना सूर्यास्त शोधत असतो. तो नेहमीच्या जागी सापडला नाही, की हे गाव आपले नव्हे असा निकाल देऊन मोकळे होतो. वळून पाहण्याची सवड आपण सहसा काढत नाही.

दुसऱ्या दिवशी आई गावाकडच्या शेजारणीशी फोनवर बोलत होती. “अगो, इथे कोजागिरीला चंद्रासाठी ताटकळत बसावे लागत नाही. तो समुद्रातूनच वर येतो. आणि जेवताना तोंडही बरोबर पूर्वेला!” परतीचे कधी, असे पलीकडून विचारले गेले असावे. आई जरा थांबली आणि म्हणाली, “बघू.” ‘चार दिवस’ हे शब्द त्या दिवशी तिच्या बोलण्यात आले नाहीत. ट्रंक मात्र अजून निम्मीच रिकामी झाली आहे.