‘शेजारी’चा पत्ता

जुन्या मराठी बोलपटांविषयी पुणेकराशी बोलण्यात एक मोठी सोय आहे. आपण ‘प्रभात’ एवढे म्हटले, की समोरचा गृहस्थ ‘संत तुकाराम’ म्हणतो, मागोमाग ‘कुंकू’ आणि ‘माणूस’ म्हणतो, समाधानाने मान डोलावतो आणि चहा मागवतो. विषय संपला! आमच्या कॉलेजातली मुलेही याला अपवाद नाहीत. मागच्या वर्षी वर्गात मी सहज विचारले, तर चाळीसांपैकी सहासात जणांनी ‘तुकाराम’ पाहिला होता, दोघींनी ‘कुंकू’. ‘शेजारी’ कोणीच नाही. त्यातले ते प्रसिद्ध समूहगीत मात्र सगळ्यांना पाठ. एका मुलीने तर शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यावर नाच केला होता. पण ते गाणे एका चित्रपटातले आहे, त्या चित्रपटाला कथा आहे आणि ती कथा एका धरणापाशी संपते, हे तिच्या गावीही नव्हते.

मुलांना तरी नावे कशाला ठेवा? मी स्वतः ‘शेजारी’ पहिल्यांदा पाहिला तो वयाची पस्तिशी उलटल्यावर. तोवर तो ‘हिंदु-मुस्लिम ऐक्याचा बोलपट’ आहे, एवढे ऐकून होतो, आणि ज्या कलाकृतीची ओळख तिच्या उपदेशाने करून दिली जाते, तिच्याकडे आपण जरा वळसा घालूनच जातो.

तर ‘शेजारी’ १९४१ सालचा. दिग्दर्शक शांताराम, कथा विश्राम बेडेकरांची, म्हणजे ज्यांनी १९३९ साली ‘रणांगण’ लिहिली त्यांची. संगीत मास्टर कृष्णरावांचे, गीते शांताराम आठवल्यांची. गावात दोन म्हातारे शेजारी राहतात. पाटील आणि मिर्झा. केशवराव दाते आणि गजानन जागीरदार. दोघांचा बुद्धिबळाचा डाव आणि दोघांचा गावावर शब्द. तिथे एक कंपनी धरण बांधायला येते. तिला गावकऱ्यांची जमीन हवी असते. हे दोघे एक आहेत तोवर जमीन मिळणार नाही, हे कंपनीचा माणूस ओळखतो आणि त्या मैत्रीत पाचर ठोकतो. पुढचे सगळे त्या पाचरीचे आहे. शेवटी धरण उडते, आणि इतके दिवस दुरावलेले ते दोघे त्या फुटत्या धरणावर एकमेकांचा हात धरून मरतात.

याची हिंदी आवृत्ती ‘पडोसी’. तिच्यात शांतारामांनी एक गंमत केली. मिर्झा तिथेही जागीरदारच, पण हिंदू ठाकुराची भूमिका मजहर खान यांना दिली. मुसलमानाने हिंदू व्हायचे आणि हिंदूने मुसलमान! पाकिस्तानच्या मागणीचा लाहोरचा ठराव होऊन तेव्हा पुरते दीड वर्षही झाले नव्हते.

चित्रपटात दोष नाहीत असे नाही. कंपनीचा माणूस नुसताच खलनायक आहे. आरशासमोर उभा राहिला तर त्याला स्वतःची सावलीसुद्धा काळीच दिसेल. दात्यांच्या बोलण्यातून अधूनमधून रंगभूमी डोकावते. पण एक गोष्ट पुन्हापुन्हा पाहूनही मला नवी वाटते. हे भांडण धर्मावरून सुरू होतच नाही. ते जमिनीवरून सुरू होते, आणि ज्याला जमीन हवी आहे तो या दोघांपैकी कोणीच नाही. आपण या चित्रपटाला ऐक्याचा धडा म्हणून दोन ऑक्टोबरच्या कपाटात ठेवून दिले. माझ्या मते तो भांडण कसे तयार करतात याचा चित्रपट आहे. ‘तुकारामा’ला १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात मान मिळाला, ‘माणूस’ त्याच्या धीट विषयाने गाजत राहिला. ‘शेजारी’ला नंतर कोणी वाली उरला नाही. शांताराम १९४२ मध्ये ‘प्रभात’ सोडून गेले आणि हा त्यांचा तिथला शेवटचा चित्रपट ठरला.

गेल्या दिवाळीत भाऊबीज आटोपल्यावर दुपारी मी तो घरी संगणकावर लावला. आई शेजारी वाती वळत बसली होती. तिचे वय चौऱ्याहत्तर. धरण फुटू लागले तसे तिचे हात थांबले. शेवट झाल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “यांना निदान धरण फुटताना तरी हात धरता आला.”

मला संदर्भ लागायला क्षणभर वेळ लागला. पानशेत!

आईचे माहेर नारायण पेठेत, ओंकारेश्वराच्या अलीकडे, नदीकडेच्या एका वाड्यात. वरच्या मजल्यावर तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, त्यांना सगळे अण्णा म्हणत. आणि खाली वह्या-पुस्तके बांधणारे एक गृहस्थ. त्यांचे आडनाव वाड्यात कोणी घेत नसे, ते बाइंडरकाका. दोघांचा रोज रात्री बिझिकचा डाव पडे. मग वाड्यात नवा नळ आला. तो कोणाच्या भिंतीला लावायचा, यावरून वाडेमालकाने एकाला एक सांगितले, दुसऱ्याला दुसरे, आणि डाव बंद पडला. तीन वर्षे एका दाराने ये-जा करणारी ही माणसे एकमेकांशी बोलली नाहीत. १२ जुलै १९६१ च्या सकाळी बाइंडरकाका जिन्याच्या तोंडाशी येऊन ओरडले, “अण्णा, पाणी आलंय, पोरांना घेऊन निघा!” तीन वर्षांतले पहिले वाक्य. अण्णा ट्रंकेत कागद भरत होते. त्यांनी उत्तर दिले नाही. दिले असते तरी ऐकायला काका थांबले नव्हते; ते एका हाताला आपली मुलगी आणि दुसऱ्या हाताला माझ्या आईला धरून बाहेर पडलेही होते. आई तेव्हा दहा वर्षांची. पर्वतीच्या वाटेवरचा त्या हाताचा चिकट, खळीचा वास तिला अजून आठवतो.

वाडा त्या दिवशी मातीला मिळाला. अण्णांना सदाशिव पेठेत एका आप्तांनी जागा दिली. बाइंडरकाकांना गोखलेनगरला पूरग्रस्तांच्या वसाहतीत घर मिळाले, अर्धगोल पत्र्याचे, ज्याला निसेन हट म्हणत. सदाशिव पेठ ते गोखलेनगर हे अंतर ते केवढे? “जाऊन येऊ एकदा,” असे अण्णा पुढची अठरा वर्षे म्हणत होते.

“मला गोखलेनगरला घेऊन जा,” आई म्हणाली. “उद्याच.”

दुसऱ्या दिवशी आम्ही रिक्षा केली. आईच्या गुडघ्यांचा विचार करून मी सरळ रस्त्याने जाणार होतो, पण तिला लकडी पुलावरून जायचे होते. या पुलात लाकूड उरलेले नाही हे पुण्याच्या पाहुण्याला पहिल्याच दिवशी सांगण्याचा रिवाज आहे. पुलावर रिक्षा थांबवता येत नाही, तरी आमच्या रिक्षावाल्याने ती हळू केली. खाली नदीच्या नावाने एक काळपट ओघळ. “इथून वर पाणी होतं,” आईने हात उंच केला. रिक्षाच्या टपाला तो लागला. बांधकाम चालू असलेले मातीचे पानशेत धरण फुटले, त्याचे पाणी न पेलून खडकवासल्याचे जुने धरणही गेले, आणि हा पूल पाण्याखाली दिसेनासा झाला. ज्या शहराने वीस वर्षांपूर्वी चित्रगृहात बसून एक धरण फुटताना पाहिले, त्याच्या दाराशी खरे धरण आले.

डेक्कनवरून प्रभात रस्त्याला लागलो. रस्ता अजून सावलीचा आहे. बंगल्यांच्या जागी इमारती उठल्या तरी झाडांनी पुरते अंग काढून घेतलेले नाही. रस्ता संपतो तिथे ‘प्रभात’चा स्टुडिओ. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात पाच भागीदारांनी काढलेली ही कंपनी १९३३ साली इथे आली. १९६० पासून या आवारात चित्रपटाचे शिक्षण देणारी सरकारी संस्था आहे. मी आधी परवानगी काढून ठेवली होती, म्हणून आत गेलो. तो अवाढव्य पहिला स्टुडिओ अजून उभा आहे. पाण्याची दृश्ये घेण्यासाठीचे तळे आहे, त्याला शांतारामांचेच नाव आहे. आई तळ्याच्या काठावर टेकली. “एवढंसं?” म्हणाली. कॅमेऱ्याला एवढेसे पुरते, हे मी सांगितले. पडद्यावर आईचे हात थांबवणारे ते धरण कुठल्या मावळातले नव्हे, ‘प्रभात’च्या कारागिरांनी उभे केलेले होते.

त्या कारागिरांतले वडीलधारे साहेबमामा. शेख फत्तेलाल. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या हाताखाली ते आणि विष्णुपंत दामले एकत्र वाढले, एकत्र ‘प्रभात’मध्ये आले. ‘संत तुकाराम’वर दिग्दर्शक म्हणून दोघांची नावे जोडीने आहेत. वारकऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आणणारा देहूचा तो देखावा एका मुसलमान कलावंताच्या नजरेतून उतरला आहे, आणि त्या काळी याचे कोणाला नवल वाटले नव्हते. दामले १९४५ साली गेले. ‘शेजारी’ पाहताना मला वाटते, बेडेकरांनी कागदावर लिहिलेले पाटील आणि मिर्झा या आवारात रोज सकाळी कामावर येत होते.

याच आवारात ८ जानेवारी २००३ रोजी जुन्या नायट्रेट फितींचे भांडार जळाले. नायट्रेटची फीत भारी ज्वालाग्राही. एकदा पेटली की विझवणे कठीण. त्यात ‘प्रभात’च्याही फिती होत्या. नंतरच्या फितींवर उतरवलेल्या प्रती वाचल्या म्हणून आपण आज निदान बघतो तरी. पलीकडेच, लॉ कॉलेज रस्त्यावर, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. १९६४ साली ते निघाले आणि पी. के. नायर यांनी आयुष्यभर डबा डबा गोळा करून ते भरले. न पाहिलेला चित्रपट डब्यात सुरक्षित असतो हे खरे, पण तो नुसता सुरक्षित असतो.

लॉ कॉलेज रस्ता पुढे सेनापती बापट रस्ता होतो. या रस्त्यावर आता काचेच्या इमारती, हॉटेले आणि कोंडलेली वाहने. कोंडीत अडकलो असताना मी रिक्षावाल्याला विचारले, “सेनापती बापट कोण, ठाऊक आहे?” तो म्हणाला, “मिलिटरीत असतील.” चूक त्याची नाही! १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मुळशीच्या खोऱ्यात मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. टाटांच्या वीज-कंपनीला मुंबईला वीज देण्यासाठी तिथे धरण हवे होते, आणि त्याच्या पाण्याखाली कितीतरी गावांची भातखाचरे जाणार होती. त्या लढ्यात पांडुरंग महादेव बापट हे सेनापती झाले. लढा हरला, धरण झाले, वीज मुंबईला गेली. ‘शेजारी’ पुण्यात लागला तेव्हा या गोष्टीला जेमतेम वीस वर्षे झाली होती. धरण, कंपनी, गावकऱ्यांची जमीन, हे शब्द ऐकून प्रेक्षागृहातल्या माणसाला मुळशी आठवल्यावाचून राहिली नसेल. मुळशी १९२१, ‘शेजारी’ १९४१, पानशेत १९६१. योगायोगच, पण रिक्षात बसून बोटांवर मोजताना अंगावर शहारा आला.

डावीकडे वळून टेकडीच्या बाजूला गोखलेनगर. निसेन हट कुठेच दिसेना. अर्धगोल पत्रे जाऊन पक्की घरे आली, घरांवर मजले चढले. आईजवळ पत्ता नव्हता, आडनाव तेवढे होते. किराणा दुकानात विचारले, इस्त्रीवाल्याला विचारले. चौथ्या ठिकाणी एका म्हाताऱ्या गृहस्थांनी डोळे बारीक केले. “बाइंडर? वह्या बांधायचे ते? ते जाऊन जमाना झाला. सून असेल घरी.”

जिना अरुंद होता. दार उघडले ते पस्तिशीच्या एका मुलीने, नातसून निघाली. सासूबाई कीर्तनाला गेल्या होत्या. बाइंडरकाकांची ती मुलगी, आईच्या बरोबरची, लग्न होऊन नाशिकला गेली आणि चार वर्षांपूर्वी वारली. हे सारे तिने दारातच सांगितले, मग लाजून “आत या ना, आजी,” म्हणाली. नारायण पेठेचे तिला काही माहीत नव्हते. तिच्या लेखी हे घर पहिल्यापासून इथलेच. भिंतीवर आजेसासऱ्यांचा फोटो होता. आई त्याच्यासमोर उभी राहिली. पदराने तिने काच पुसली. काच स्वच्छच होती.

मुलीने दिवाळीचा फराळ आणून ठेवला. चकली मोडत ती संकोचाने म्हणाली, “पण आजी, तुम्ही कोण, ते मी विचारलंच नाही.”

आईने माझ्याकडे पाहिले. येताना सगळी वाट ती मनात काहीतरी जुळवत होती, हे मला माहीत होते. नळ, बिझिक, ट्रंक, तो जिना, सगळे.

“आम्ही तुमचे शेजारी,” ती म्हणाली.

मुलीने क्षणभर विचार केला. “कुठल्या गल्लीतले?” तिने विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता चहाचे आधण ठेवायला आत गेली.