४० वॉटच्या उजेडातली माणसं

एन्लार्जरखाली फोटो छापताना चेहऱ्याकडे बघून फोकस करायचा नसतो. ग्रेन फोकसर नावाचं एक छोटं उपकरण कागदाच्या जागी ठेवायचं, त्याच्या भिंगाला डोळा लावायचा आणि निगेटिव्हमधले दाणे टोकदार दिसेपर्यंत बटण फिरवत राहायचं. भिंगात त्या वेळी आईचा गाल आहे की मागची भिंत, तेही समजत नाही. दाणे जागेवर आले की माणूस जागेवर येतो. “फोटो खरखरीत आलाय रे,” असं म्हणणाऱ्या पाहुण्यांना मी आधी त्या भिंगात डोकवायला लावतो.

फिल्मवरच्या जिलेटिनच्या थरात सिल्व्हर हॅलाइडचे स्फटिक असतात. उजेड लागलेल्या स्फटिकांची डेव्हलपरमध्ये चांदी होते, उरलेले हायपोत विरघळून जातात. एकेक कण फारच बारीक; आपल्याला दिसतात ते एकावर एक पडलेले पुंजके. प्रिंटवरचे काळे ठिपके तर निगेटिव्हवरच्या चांदीचेही नसतात. निगेटिव्हवर चांदी असते तिथे उजेड अडतो आणि कागद पांढरा राहतो. काळं पडतं ते मधल्या फटींतून उजेड उतरतो तिथे. म्हणजे आजीच्या गालावर आपण ज्याला ग्रेन म्हणतो, तो बराचसा रिकाम्या जागांचा ग्रेन असतो.

आणि माझ्या फिल्मवरचे स्फटिक त्यातल्या त्यात मोठे का? कारण उजेड कमी. संवेदनशील फिल्मला मोठे स्फटिक लागतात आणि आमच्या घरांत संध्याकाळी संवेदनशील फिल्मच लागते. आपली माणसं स्टुडिओत आपली राहत नाहीत. हनुवटी वर करतात, पदर सारखा करतात, अनोळखी होतात. स्वतःसारखी ती असतात ओट्यापाशी, देवघरासमोर, पेपर वाचता वाचता डुलकी लागते त्या खुर्चीत. आणि तिथे असतो ४० वॉटचा पिवळा बल्ब. मी ४०० आयएसओची एचपी-५ प्लस कॅमेऱ्यात घालून मीटर १६००वर लावतो. ५० एमएमची लेन्स, १.८ अ‍ॅपर्चर, शटर १/३०. मग आयडी-११ डेव्हलपरमध्ये, २० अंशांना, नेहमीच्या साडेसात मिनिटांऐवजी १४ मिनिटं. याला पुश करणं म्हणतात. सावलीत जे नोंदलंच गेलं नाही ते जास्त वेळ डेव्हलप करूनही उगवत नाही. फक्त मधले आणि उजळ भाग जोर धरतात, कॉन्ट्रास्ट चढतो, दाणा फुगतो. (२० अंश हे पुस्तकात. पुण्यात मे महिन्यात नळाचं पाणी तिशीच्या घरात असतं, तेव्हा डेव्हलपरची बाटली बर्फाच्या पाण्यात बसवावी लागते.) फ्लॅश लावला तर यातलं काहीच करावं लागत नाही. पण फ्लॅशनं बल्बचा उजेड पुसला जातो आणि त्याबरोबर घरही.

रिचर्ड अ‍ॅव्हेडननं आपल्या वडिलांचे त्यांच्या अखेरच्या वर्षांत काढलेले फोटो १९७४ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये लागले होते. पांढरी पार्श्वभूमी, सुरकुती न् सुरकुती मोजून घ्यावी अशी. थोर काम आहे, पण ते बघताना मला तपासणीच्या टेबलाशी उभं असल्यासारखं वाटतं. माझा ओढा सूनी तारापोरवाला यांच्या मुंबईतल्या कृष्णधवल फोटोंकडे. त्यांनी घरातल्या, नात्यातल्या पारशी मंडळींपासून सुरुवात केली आणि पुढे सगळा समाजच टिपला. त्या फोटोंत खोलीसुद्धा नातेवाईक असते.

एक गोष्ट माझ्या फार उशिरा ध्यानात आली. प्रिंटमध्ये ग्रेन सगळीकडे सारखा दिसत नाही. अगदी काळ्यात आणि अगदी पांढऱ्यात त्याला वावच नसतो. तो उठून दिसतो मधल्या करड्यात. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचे टप्पे पाडणाऱ्या अ‍ॅन्सल अ‍ॅडम्सच्या झोन सिस्टिममध्ये गोरी युरोपीय कातडी सहाव्या झोनमध्ये येते, सावळी पाचव्यात, म्हणजे बरोबर मधोमध. आमच्या घरातले चेहरे पाचव्यातलेच, काही त्याच्याही खालचे. ग्रेनला हवी ती जागा आमच्या गालांवर, कपाळांवर, हातांवर आयती तयार आहे. परदेशी पुस्तकांतल्या पोर्ट्रेटमध्ये मागच्या भिंतीवर दिसणारा दाणा माझ्या प्रिंटमध्ये थेट माणसावर येऊन बसतो, तो यामुळे. तो झाकायचं मी कधीच सोडून दिलं. एखाद्या पुढाऱ्याच्या पोर्ट्रेटला बारीक ग्रेनची फिल्म वापरीन, आत्याला नाही.

कुंकवाचं मात्र अवघड आहे. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक काचांना लाल रंग दिसतच नसे, म्हणून पणजीच्या फोटोत कुंकू काळंभोर आणि ठसठशीत. आजची पॅनक्रोमॅटिक फिल्म लाल रंग चांगला ओळखते, बल्बच्या उजेडात तर लाल भरपूर. त्यामुळे कुंकू कातडीच्याच करड्यात मिसळून जातं. आईनं पहिला प्रिंट हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि म्हणाली, “अरे, कपाळ मोकळं दिसतंय माझं यात.” तिचा आवाज जरा पडला होता. बाबा बाहेरून ओरडले, “मी अजून आहे म्हणावं!” हिरवा फिल्टर लावला तर लाल गडद होतं, पण तो दोनेक स्टॉप उजेड खातो आणि आमच्या स्वयंपाकघरात दोन स्टॉप उधळायला नसतात. शेवटी तोडगा आईनंच काढला. कॅमेरा दिसला की ती लाल टिकली काढते आणि काळी लावते.

आजोबांचा फोटो ही वेगळीच कथा. पुष्कळ घरांत असतं तसंच आमच्याकडे: माणूस गेल्यावर लग्नाच्या ग्रुप फोटोतून नखाएवढा चेहरा मोठा करून घेतलेला. फोटोवाल्यानं त्यावर ब्रशनं फिनिशिंग केलं, भुवया रेखल्या, कोटाला कॉलर काढून दिली. हार घालून भिंतीवर आहे तो एक सुबक, सर्वसाधारण गृहस्थ. मूळ निगेटिव्ह काकांच्या ट्रंकेत सापडली तेव्हा मी तेवढाच भाग ब्रश न लावता छापला. ग्रेन इतका की जवळून काहीच हाती लागत नाही. हातभर लांब धरला की मिशीआड दाबलेलं हसू दिसतं. त्या पंगतीत कुणीतरी काहीतरी बोललं असणार. काकांना भिंतीवरचेच आजोबा बरे वाटतात. त्यांनी त्यांना प्रत्यक्ष पाहिलंय, त्यामुळे मी वाद घातला नाही.

भाचीच्या फोनमध्ये ग्रेनची पट्टी आहे, शून्य ते शंभर. तिनं आजीच्या फोटोला चाळीस लावून दाखवला. आजीच्या पांढऱ्या केसांवर, खिडकीच्या कोऱ्या उजेडावर, सगळीकडे सारखाच बुंदका. उजळ भागातून कमी कर, म्हटलं. तिनं केला, आणि फोटो खरंच सुधारला. आता तिला रोल हवाय. किंमत सांगितल्यावर तिनं विचारलं, “आणि छत्तीसच फोटो?”

छत्तीसच. त्यातले थोडे तरी आजी झोपायला जायच्या आधी काढ, म्हटलं, आणि ट्यूब बंद कर.