पारण्याचे रोडगे

धाराशिव शहरातील एका किराणा व्यापारी कुटुंबात अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, दशलक्षण पर्वाच्या पारण्याला, गच्चीवर तीन विटा मांडल्या जातात. त्यांवर पत्र्याचा एक जुना डबा चढतो आणि त्यात रोडगे भाजले जातात. घरात गॅस आहे, वीजेची भट्टीही आहे. तरी हा परिपाठ मोडलेला नाही. गेल्या वर्षी पुण्याहून आलेल्या नातवाने विचारले, "आजी, ओव्हन असताना तू एवढा धूर कशाला सोसतेस?" आजींनी निखारे सारखे करीत उत्तर दिले, "बस इथं. भाजून होईपर्यंत पाऊण तास लागतो, तेवढ्यात सांगून होईल."

गोष्ट 1993 सालची. हे कुटुंब तेव्हा उमरगा भागातील एका खेड्यात दुकान चालवीत असे. 29 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. आजींचा त्या दिवशी निर्जळ उपवास होता. दुसऱ्या दिवशीच्या पारण्याला आप्तेष्ट यायचे होते, म्हणून घरच्या जात्यावर आठ किलो गहू भरड दळून ठेवले होते. पावसाळ्यात पिठाची मर्यादा तीन दिवसांची, म्हणून दळण नेहमी आदल्या दिवशीच होई. रात्री गावात गणपतींचे विसर्जन झाले आणि सगळे उशिरा झोपले.

पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हादरली. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद, अशी त्या भागातील घरांची बांधणी होती. उन्हाळ्यात गारवा देणारी तीच माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि या जिल्ह्यातील सास्तूर ही नावे त्या दिवशी देशभर पोहोचली. हजारो माणसे गेली. या कुटुंबातील सर्वजण बचावले, कारण त्यांचे निम्मेच घर पडले होते. स्वयंपाकघर मात्र ढिगाऱ्याखाली गेले. उरले ते कोठीतील पीठ, मीठ, ओवा, तुपाची बरणी, एक परात आणि दुकानातील तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा.

सूर्य वर आला तसे लोक निंबाखाली जमू लागले. कुणाच्या अंगावर धड वस्त्र नव्हते, कुणाच्या कडेवर शेजाऱ्याचे मूल होते. आजींनी विहिरीचे पाणी दुहेरी फडक्यातून गाळून घेतले आणि पीठ मळायला बसल्या. आजोबांनी डबा कापून त्याचा पत्रा तीन दगडांवर तव्यासारखा ठेवला. पहिल्या पोळ्या बाहेरून करपल्या व आत कच्च्या राहिल्या. पातळ पत्र्याला उष्णता साठवून ठेवता येत नाही. जिथे जाळ लागेल तिथे तो जाळतो आणि बाजूला थंड राहतो.

तेवढ्यात शेजारच्या शेतकऱ्याची पत्नी पाटीभर कोरड्या गोवऱ्या घेऊन आली. या दोन घरांत दोन वर्षे बोलणे नव्हते. उधारीच्या वसुलीवरून आजोबांनी त्या शेतकऱ्याला भर बाजारात, चार लोकांसमोर, नको ते ऐकवले होते. ती बाई पाटी खाली ठेवून म्हणाली, "वहिनी, पत्र्यावर नगं. दुसरा डबा असंल तर त्यात वाळू घाला."

दुसरा डबा मिळाला. तो निम्म्या उंचीवर कापून त्यात ओढ्याची वाळू दोन बोटे पसरली. पिठात तुपाचे मोहन, मीठ व ओवा घालून ते घट्ट मळले होते; त्याचे लिंबापेक्षा थोडे मोठे गोळे करून, मध्ये अंगठ्याने दाबून, वाळूवर ठेवलेल्या ताटलीत मांडले. वर परात झाकली आणि परातीवर निखारे पसरले. वाळू सावकाश तापते, पण तापल्यावर सगळीकडे सारखी आच देते. वरच्या निखाऱ्यांनी माथा भाजतो आणि झाकणामुळे कोंडलेली वाफ गोळ्याचे पोट शिजवते. जाळ मोठा नको, निखारा हवा. एकदा उलटायचे, बोटाने ठोकून पोकळ आवाज आला आणि वरचे कवच तडकले की रोडगा झाला. खमीर नको, रात्रभर आंबवणे नको. एकनाथांच्या भारुडात जो रोडगा भवानीला बोलला जातो, त्या जातकुळीचाच हा रोडगा. तुळजापूरच्या या जिल्ह्यात तो नवा नव्हता. नवी होती ती भट्टी.

गोवऱ्या पेटवण्यापूर्वी आजी प्रत्येक गोवरी आपटून, किडामुंगी नाही ना हे पाहून मगच आत सरकवीत. त्या गोंधळात कुणी तरी म्हणाले, "आज हे कशाला?" त्यांनी उत्तर दिले नाही आणि पाहणेही सोडले नाही.

दिवसभर डबा उतरला नाही. संध्याकाळी पीठ संपले. आजींनी पारण्यासाठी शेवटचा एक रोडगा बाजूला ठेवला होता. सूर्यास्ताला थोडाच अवकाश असताना तो शेतकरी आला. दिवसभर दगड उपसून त्याच्या हातांची सालटी निघाली होती. आजींनी रोडगा फोडून त्याच्या हातावर ठेवला. सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळला. आजींचे पारणे दुसऱ्या दिवसावर गेले.

दुसऱ्या दिवशी क्षमावणी होती. आजोबा त्या शेतकऱ्याकडे गेले आणि हात जोडून म्हणाले, "बाजारात मी बोललो ते चुकलं. क्षमा करा." शेतकरी एवढेच म्हणाला, "शेठ, वही सापडली का?" वही सापडली होती. दोन वर्षांनी त्याने थकबाकीची पै न् पै आणून दिली आणि आजोबांनी ती मोजून, जमा करून घेतली. घरातल्यांना हे रुचले नाही. आजोबांचे म्हणणे असे, की क्षमा शब्दांची मागितली होती, रकमेची नव्हे. पैसे नाकारणे म्हणजे त्याचा पुन्हा एकदा चारचौघांत अपमान करणे.

भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने बाराशे मुलांना शिक्षणासाठी पुण्यास नेले. समाजाच्या इतिहासात ते कार्य नोंदले गेले आहे. कापलेल्या डब्याची नोंद कुठे असणार? ती गच्चीवर होते.

नातवाने शेवटचा रोडगा स्वतः उलटला आणि ठोकून पाहिला. दुसऱ्या दिवशी, क्षमावणीला, पहाटे पुन्हा विटा मांडल्या गेल्या. गरम रोडगे फडक्यात बांधून नातू उमरग्याच्या एसटीत बसला. सूर्यास्ताआधी पोहोचायचे आहे, हे आजींनी त्याला दोनदा बजावले.