ढील

लहानपणी संक्रांतीच्या आठवड्यात मी स्वतः पतंग उडवल्याचं मला आठवत नाही. पतंग भाऊ उडवायचा, मी आसारी धरायचे. पुण्यात आम्ही फिरकीला आसारी म्हणायचो. ती धरणाऱ्याला आभाळाकडे बघायची सवड नसते. भाऊ "ढील दे" म्हणाला की दांडे तळव्यांत सैल सोडायचे आणि ती गरगर फिरू द्यायची. पतंग कटला की हात भरून येईस्तोवर उरलेला मांजा गुंडाळायचा. गच्चीवर मांजा पडून गुंता झाला तर बोलणी मलाच. पण पतंग किती वर गेलाय, वारा कुठे वळलाय, हे मान वर न करता मला तळव्यांतल्या थरथरीतून कळायचं.

तीच थरथर चाळिशीनंतर मला पुन्हा भेटली, इंग्लंडच्या उत्तरेला, नॉर्थम्बरलंडमधल्या एका गावच्या बाजारात. गावाचं नाव लिहितात ॲल्नविक आणि म्हणतात ॲनिक. एका टेबलावर जुन्या किटल्या, घोड्याचे नाल आणि कडा उडालेल्या बश्या यांच्यामध्ये शिशाच्या रंगाचं एक रीळ पडलं होतं. तीन इंचांहून जरासं मोठं, एका हातात सहज मावेल असं. मी त्याची मूठ फिरवली. आतून बारीक, एकसारखी टिकटिक आली, जणू कुणी दूरच्या खोलीत शिलाई मशिन चालवतंय. टेबलामागचे आजोबा म्हणाले, "आता उलटं फिरवून बघा." उलटं फिरवलं तर आवाज खोल गेला, जड झाला, कर्रर्र करत अंगठ्याला विरोध करू लागला. घेताना हलकं, देताना जड. ढील कशी द्यायची हे ज्याने ठरवलं त्याने ती आयुष्यभर दिलेली असणार, हे मला त्या क्षणी पटलं. मी ते रीळ विकत घेतलं. गरवायला मात्र मी त्यानंतर शिकले.

गरवणं हा शब्द माझ्या आजोळचा, कोकणातला. तिथे मामा खाडीच्या कडेला वेताची काठी आणि गरी घेऊन बसायचा. दोर काठीच्या शेंड्यालाच बांधलेला असायचा, रीळ नावाची भानगडच नव्हती. नॉर्थम्बरलंडच्या नदीवर रिवाज वेगळा. इथे आमिष म्हणजे पिसांची आणि रेशमाच्या धाग्याची बांधलेली माशी, तिला वजन म्हणून नाहीच. वजन असतं दोराचं. काठीने फेकायचा तो दोर, माशी त्याच्या मागून तरंगत जाते. हा जाडसर दोर साधारण 27 मीटरचा, त्याच्यामागे मासा पळालाच तर पुरावी म्हणून बारीक दोराची लांब शिदोरी. एवढं सगळं जिथे गुंडाळलेलं असतं ते रीळ. बरेच गरवणारे म्हणतात की या प्रकारात रिळाला काम असं फारसं नसतंच, ते दोर ठेवायचं कपाट. मला हे कधीच मान्य झालेलं नाही. आसारी धरलेल्या कुठल्याही मुलीला ते मान्य होणार नाही.

माझं रीळ हार्डी बंधूंच्या कारखान्यातलं, त्याच ॲनिक गावचं. विल्यम हार्डीने 1872 मध्ये इथे बंदुकांचं दुकान काढलं, पाठोपाठ भाऊ जॉन जेम्स येऊन मिळाला, आणि बंदुका मागे पडून काठ्या आणि रिळं पुढे आली. 1888 मध्ये त्यांनी एका नव्या रिळाचं पेटंट घेतलं. 1891 पासून ते विकायला आलं आणि त्याचं नाव त्यांनी निःशंकपणे 'परफेक्ट' ठेवलं. त्यात सायकलच्या चाकात असतात तसे छर्रे होते. सायकली रस्त्यावर येऊन फार वर्षं झाली नव्हती, त्या काळात मासे धरायच्या चाकात छर्रे घालावेसे वाटणं ही मोठी हौस होती. मूठही वेगळ्या दांडीवर बसवली नाही. रिळाची समोरची अख्खी तबकडीच मुठीसकट फिरते, त्यामुळे सुटलेला दोर दांडीत अडकत नाही. किती गुंते कुणाकुणाच्या हातांनी सोडवल्यावर ही तबकडी सुचली असेल!

दरवर्षी मार्चच्या सुरुवातीला मी ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून उघडते. एक स्क्रू सैल केला की तबकडी निघते. आत पितळी कड्यात छर्रे, मध्ये दातेरी चक्र, त्याच्या दातांत टेकलेली एक छोटी त्रिकोणी जिभली आणि तिला मागून रेटणारी स्प्रिंग. आवाज येतो तो या जिभलीचा. कडेच्या बटणाने स्प्रिंगचा ताण कमीजास्त करता येतो. आतल्या पत्र्यावर 'डुप्लिकेटेड मार्क टू' असा छाप आहे, म्हणजे रीळ पहिल्या महायुद्धानंतरच्या घडणीचं. त्याशेजारी, दिवा तिरपा धरल्याशिवाय दिसत नाहीत अशी, बनवणाऱ्या कारागिराच्या नावाची दोन अक्षरं. ही अक्षरं गिऱ्हाइकासाठी नव्हतीच. झाकण लावलं की ती आत अंधारात. पुन्हा कधी दुरुस्तीला आलंच तर कुणाच्या हातचं हे कारखान्याला कळावं, एवढ्यासाठी. मी जुनं ग्रीस कापडाने टिपते, आसावर शिलाई मशिनच्या तेलाचा एक थेंब सोडते आणि ती अक्षरं पुन्हा झाकते.

आणखी एक खूण आहे, ती बाहेरच आहे. रीळ ज्या पितळी पायाने काठीत बसतं, त्या पायाची दोन्ही टोकं कानशीने घासलेली आहेत. संग्राहकांच्या लेखी हा मोठा दोष. घासलेला पाय म्हटला की किंमत लगेच उतरते, म्हणून तर ते माझ्या खिशाला परवडलं. पण घासायची वेळ का आली? कुणीतरी नवी काठी घेतली, तिच्या खोबणीत पाय बसेना, आणि नवं रीळ घेण्याऐवजी त्याने कानस काढली. त्याला हेच रीळ हवं होतं. मी काठीला रीळ लावताना माझा अंगठा बरोबर त्या कानशीच्या रेघांवर येतो.

पितळ उजळायच्या ब्रासोबद्दल लिहायलाच हवं. नंतर घेतलेल्या दुसऱ्या एका पितळी रिळाला मी दिवाळीच्या समयांसारखं घासून लख्ख केलं होतं. तासाभरात त्याचा सगळा काळ उतरला. बोटांनी वर्षानुवर्षं चढवलेला तपकिरी रंग, मुठीजवळची झिजेची सावली, सगळं गेलं. त्या रिळाकडे पाहताना मला अजून वाईट वाटतं. समई रोज घासायची असते कारण तिच्यावर काजळी धरते. रिळावर धरते ती वापराची साय, ती काढायची नसते.

जुन्या रिळांच्या जगात पाहण्यासारखं पुष्कळ आहे. अमेरिकेत व्हरमाँटच्या चार्ल्स ऑर्व्हिसने 1874 मध्ये पेटंट घेतलेलं अरुंद रीळ दोन्ही अंगांनी भोकाभोकांचं आहे. त्याचं कारण रेशीम. त्या काळी दोर रेशमाचा, तेल पाजलेला. ओला तसाच गुंडाळून ठेवला तर कुजायचा, म्हणून वारं आत शिरायला भोकं. मीही एका रिळावर रेशमाचाच दोर ठेवलाय. नदीवरून आलं की तो सगळा काढून खुर्च्यांच्या पाठींवर वाळत घालते, उन्हाळ्यात आई कुरडयांचं वाळवण घालायची तसा, आणि घरातल्यांना दुसऱ्या दिवसापर्यंत त्या खोलीत वाकून चालावं लागतं. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांतली हार्डींची काही रिळं बिनरंगाची, उघड्या धातूची आहेत. संग्राहक त्यांना 'स्पिटफायर' म्हणतात. आणि या सगळ्यांच्या कितीतरी आधी, 1195 च्या सुमारास, चीनच्या मा युआन या चित्रकाराने हिवाळी पाण्यावर एक लहान होडी काढली. तीत एकटा माणूस पुढे वाकून बसलाय आणि त्याच्या काठीवर एक छोटंसं चाक आहे. रिळाचं जगातलं सगळ्यांत जुनं म्हणून ओळखलं जाणारं चित्र ते हेच. चित्रात बाकी जवळजवळ सगळं कोरं पाणी. ते चाक मात्र चित्रकाराने वगळलं नाही.

मी जाते ती कोकेट नदी चेव्हियट डोंगरांत उगवते आणि रॉथबरीवरून वाहत समुद्राला मिळते. गेल्या जुलैत उजेड संपता संपता, कमरेएवढ्या पाण्यात उभी असताना, माशीला मासा लागला. समुद्रात जाऊन वाढून नदीत परतलेला ट्राउट होता. पहिले दोन क्षण काही नाही. मग रीळ बोलायला लागलं. टेबलावर ऐकू येतो तो आवाज वेगळा आणि हा वेगळा. आधी तुटक, मग सलग, मग इतका चढा की काठावरची पाखरं उठली. माझं रीळ उजव्या हाताचं. ही रिळं एकेका हातासाठीच घडवलेली, बाजू बदलता येत नाही, म्हणून काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात मुठीजवळ नुसता तयार ठेवला. दोर जसजसा सुटतो तसतसा रिळावरचा वेढा लहान होतो, आणि तीच जिभली तेवढ्याच जोराने टेकलेली असली तरी माशाला ओढायला जास्त बळ लागतं. पळणारा आपोआप दमत जातो. जाडसर दोर संपून बारीक दोर बोटांवरून जायला लागला तेव्हा तो थांबला. मी गुंडाळायला घेतलं. तो पुन्हा पळाला, मी पुन्हा सोडला. वीसेक मिनिटं हे चाललं. शेवटी तो जाळ्यात आला, पाण्यातच त्याच्या ओठातली माशी काढली, आणि तो माझ्या तळव्यावरून सरकत अंधारात गेला. घरी आल्यावर पुण्याला भावाला फोन लावला. तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गुंता नाही ना झाला?"

हजारो पौंडांना जाणारी रिळं मी पाहिली आहेत, जन्मापासून डबीतली, ज्यांच्यावर कधी दोरच चढला नाही. ती सुंदर आहेत, आणि ती कुणीतरी जपली म्हणूनच मूळ रंग कसा होता हे आपल्याला कळतं. तरी माझा कौल घासलेल्या पायाच्या रिळाला. आवाज हा त्याचा अर्धा देह आहे, आणि तो फक्त पलीकडून कुणी ओढल्यावरच येतो.

हे मराठीत लिहायचं कारण असं की अशी रिळं आपल्याकडेही आलेली आहेत. हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रास इलाख्यातल्या अधिकाऱ्याचं 'द रॉड इन इंडिया' मंगळूरला 1873 मध्येच छापलं गेलं, हार्डींचं दुकान निघाल्याच्या दुसऱ्या वर्षी. गोऱ्या साहेबांचं सगळं लक्ष महासीरवर असे. आपल्या दख्खनच्या महासीरचं शास्त्रीय नाव 'टॉर खुद्री'. त्यातलं 'खुद्री' इथल्या लोकांच्या तोंडचं, साइक्स या इंग्रज निसर्गअभ्यासकाने 1839 मध्ये पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेवरून नोंदवलेलं. तो मासा पुढे इतका विरळ झाला की लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात त्याची पैदास करून पिल्लं जागोजागच्या पाण्यात सोडावी लागली. साहेब गेले तेव्हा त्यांची सगळीच रिळं त्यांच्याबरोबर गेली नाहीत. काही लिलावात निघाली, काही नोकरांना मिळाली, काही पवईच्या तलावावर गळ टाकून बसणाऱ्यांच्या हाती आली.

तेव्हा पुण्यात, मुंबईत, देवळालीत कुणाच्या माळ्यावरच्या पेटीत असं एखादं काळपटलेलं चाक सापडलं तर भंगारात देऊ नका आणि ब्रासो तर मुळीच लावू नका. तेलाचा एक थेंब द्या, आणि एकदा उलटं फिरवून ऐका.