नानीच्या अंगणातले पाहुणे

रेवदंड्याची खाडी ओलांडून कोर्लई, काशीद मागे टाकले की मुरूड येते. लोक येथे समुद्रातला जंजिरा पाहायला येतात. आम्हाला मात्र दर मे महिन्यात ओढ असते ती नानीच्या अंगणाची.

तीन वर्षांपूर्वी घरातल्या लग्नासाठी मामूंनी सगळ्या अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले. चिखल गेला, झाडलोट सोपी झाली. पण विहिरीकडेची मधुमालती, जास्वंद, सदाफुली आणि सब्जाही गेला. पुढच्या उन्हाळ्यात परसातल्या मांडवावर कारली आणि दुधीचे वेल फुलले, पण कोवळी फळे पिवळी पडून गळू लागली. मामूंनी खत बदलून पाहिले, पाणी वाढवले. नानी एवढेच म्हणाली, "अरे, फुलं आहेत, पण पाहुणे कुठे आहेत?"

या वेलींची नर आणि मादी फुले वेगळी असतात. एकाचा पराग दुसऱ्यापर्यंत कोणीतरी न्यावाच लागतो. कारल्याचे पिवळे फूल सकाळी उमलते, तेथे मधमाश्या लागतात. दुधीचे पांढरे फूल संध्याकाळी उमलते, त्याच्याकडे रात्रीचे पतंग येतात. भर उन्हाळ्यात मध देणारी झाडेच आम्ही उपटली, मग पाहुणे कशासाठी येणार?

त्या सुट्टीत फजरनंतर खाला आणि आम्ही मुले नर फुले तोडून मादी फुलांवर हलकेच फिरवत असू. थोडी कारली धरली, पण रोज किती फुलांना पुरे पडणार? शेवटी मामूंनीच विहिरीकडच्या ब्लॉकच्या दोन ओळी उचलल्या. पहिल्या पावसात शेजारच्या चाचींनी मधुमालतीची आणि एकेरी जास्वंदीची फांदी दिली. सदाफुलीची रोपे मिळाली. सब्जाचे बी तर घरातच होते, रमजानच्या सरबतातून उरलेले.

यंदा गेलो तेव्हा सब्जाच्या तुऱ्यांवर सातेरी माश्या गुणगुणत होत्या. जास्वंदीला एक शिंजीर लटकला होता. मगरिबच्या सुमारास मधुमालतीची पांढरी फुले उमलली आणि अंधार पडताच पतंग आले. तीच फुले पुढे गुलाबी, मग लाल झाली. मांडवावर कारली लोंबत होती, अल्हम्दुलिल्लाह.

आता घरात काही नियम ठरले आहेत. फुलोऱ्यावर कीटकनाशक मारायचे नाही. पाणी उन्हे उतरल्यावर द्यायचे. जास्वंद एकेरीच लावायची, कारण दुहेरी फूल दिसते छान, पण पाकळ्यांच्या गर्दीत मधापर्यंत पोचणे कठीण.

कुरआनात एका सूरहचे नावच 'अन्-नहल', म्हणजे मधमाशी, आहे. नानीने आम्हा मुलांना ती सूरह याच विहिरीपाशी बसून शिकवली होती.

निघताना मामू कुदळ घेऊन अंगणात उभे होते. म्हणाले, "अम्मी, आणखी एक ओळ काढू का?"