दऱ्या आणि दर्या

आमच्या दिवंगत गुरुजींचे लेख संगणकावर उघडले, तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरांचा निव्वळ कचरा उमटला. १९९० नंतरच्या दशकात ते ज्या फॉण्टात टंकले गेले, त्यात देवनागरी हे केवळ चित्र होते. खालचे संकेतांक रोमन अक्षरांचेच. फॉण्ट हरवला आणि मजकूरही हरवला.

मग आम्ही ब्राउझरमध्ये चालणारी लहानशी जावास्क्रिप्ट लिहिली. तक्त्यात डावीकडे जुनी चिन्हे, उजवीकडे युनिकोड. लांब चिन्हसमूह आधी बदलायचे, सुटी चिन्हे नंतर. पण तेवढ्याने भागत नाही. जुना फॉण्ट डोळ्यांचा क्रम पाळतो, युनिकोड उच्चाराचा. पहिली वेलांटी व्यंजनाआधी टंकलेली असते, ती त्याच्यामागे न्यावी लागते; रफार नंतर असतो, तो आधी आणावा लागतो. नाहीतर ‘कर्म’चे ‘कमर्’ होते.

हे साधले असे मानून वाचू लागलो, तो सह्याद्रीवरील लेखात डोंगरापलीकडे ‘खोल दर्या’ लागला. गुरुजींनी दऱ्या लिहिल्या होत्या. आम्ही त्यांचा समुद्र केला होता. मराठीच्या आडव्या अर्ध्या ‘र’समोर तक्त्यात आम्ही नुसते ‘र्’ ठेवले होते. तिथे ‘ऱ्’ घालताच दऱ्या परतल्या.

यंत्राने ही चूक दाखवली नसती, कारण दोन्ही शब्द शुद्धच आहेत. ती वाचणाऱ्यालाच दिसते. जुने साहित्य आज असेच रूपांतरित होऊन साठते आहे. ते मुळाशी ताडून कोण वाचणार, हा प्रश्न संगणकतज्ज्ञांचा नसून आम्हा शिकवणाऱ्यांचा आहे.