जात्यावर जपलेली मुळशी

पुण्याहून चांदणी चौक ओलांडून भूगाव, पिरंगुट, पौड या वाटेने निघालात की सुमारे ४५ किलोमीटरवर मुळशीचा जलाशय दिसू लागतो. सोबत घरातील ज्येष्ठ असतील तर पावसाळ्यातील गर्दीचे शनिवार-रविवार टाळावेत. हिवाळ्यातील सकाळ त्यांना अधिक मानवेल. पौडला थांबून पाय मोकळे करावेत आणि मगच पुढे जावे.

समोरचे पाणी कितीही रम्य वाटले, तरी ते निसर्गाने साठवलेले नाही. वीजनिर्मितीसाठी टाटा कंपनीने मुळा नदीवर बांधलेल्या धरणाचे ते पाणी आहे. डोंगर भेदून ते कोकणात भिऱ्याच्या वीजगृहाकडे उतरते. त्याच्या तळाशी भाताची खाचरे होती, घरे होती, देवळे होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळच्या शेतकऱ्यांनी येथे सत्याग्रह आरंभला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ म्हणून ओळखले जाऊ लागले, ते याच लढ्यामुळे. विनायकराव भुस्कुटे यांनी त्याचा वृत्तांत लिहून ठेवला. १९२४ मध्ये लढा सरला आणि गावे बुडाली.

लढा ग्रंथांत आला. पहाटे जाते ओढणारी बाई मात्र ग्रंथांत सहसा येत नाही. तिचे माहेर, तिचा भाऊ, तिचा राग, सारे ओवीत राहिले. पुण्यात राहून काम करणाऱ्या हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन येथेच स्थायिक झालेले गी पॉइटवाँ यांनी मुळशी-मावळातील वृद्ध स्त्रियांच्या तोंडून या ओव्या टिपण्यास आरंभ केला. पुढे महाराष्ट्रभर हिंडून हा संग्रह एक लाखाहून अधिक ओव्यांचा झाला. गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली. त्या स्त्रियांना वेळीच कोणी विचारले नसते, तर आज काय उरले असते?

असेच एक उदाहरण दूरचे आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात मोरेव्हियन पंथाच्या लोकांनी १७४१ मध्ये बेथलेहेम हे गाव वसवले. त्यांच्यात स्त्री असो वा पुरुष, कारागीर असो वा धर्मोपदेशक, प्रत्येकाने आपली जीवनकथा लिहावी वा सांगून लिहवून घ्यावी, आणि ती अंत्यविधीच्या वेळी वाचली जावी, अशी रीत होती. त्या कथा तेथील दप्तरखान्यात आजही जपलेल्या आहेत. मला या रीतीतील एकच गोष्ट खटकते: ऐकणारे जमतात तेव्हा सांगणारा नसतो. आपण ती कथा आधीच ऐकावी, हे बरे.

धरणापूर्वीचे मुळशी पाहिलेली पिढी आता नाही. तिच्याकडून ऐकलेली माणसे ऐंशीच्या घरात आहेत. कदाचित आपल्याच घरात. आजींना ‘तुमचे जीवन सांगा’ असे म्हटले तर त्या गप्प होतील. ‘तुमच्याकडे जाते कुठे असे?’ असे विचारून पाहा. भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रण करण्यापूर्वी त्यांची अनुमती घ्यावी. एका बैठकीस पंधरा-वीस मिनिटे पुष्कळ झाली. सकाळी, न्याहारीनंतर, त्या ताज्या असताना. सन चुकला तर दुरुस्त करू नये. विस्थापनाच्या आठवणीने डोळे भरून आले तर घाईने विषय बदलू नये. हात हाती घ्यावा, पाणी द्यावे आणि पुढे सांगायचे की थांबायचे, हे त्यांनाच ठरवू द्यावे.

मुळशीहून परतताना वाटेत आंबेमोहोर तांदूळ मिळाला तर अवश्य घ्यावा. त्याची मऊ पेज वृद्धांना रुचते, आणि तिच्या वासासरशी आजींना एखादी ओवी आठवलीच, तर ध्वनिमुद्रण सुरू करावे.